मिठावरचा आळ

रक्त तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत काकांना त्यांच्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे म्हणायचे ‘कंट्रोलकाका’. हे नाव त्यांना कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेतून, दर खेपेला पाच मिलिलिटर याप्रमाणे, रीतसर कमावलं होतं.

त्याचं असं आहे. तांबड्या पेशीचं आवरण किती चिवट आहे हे बघायची एक जुनी तपासणी असते. चौदा नळ्या ओळीने उभ्या करायच्या. पहिल्या नळीत भरपूर मिठाचं पाणी, दुसरीत जरा कमी मिठाचं, असं उतरत उतरत शेवटच्या नळीत नुसतंच पाणी. प्रत्येक नळीत रक्ताचा एकेक थेंब सोडायचा नि अर्धा तास वाट बघायची. मीठ कमी पडलं की पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगते, आणि ज्या नळीत तिचं आवरण हार मानतं त्या नळीतलं सगळं पाणी लाल होतं. धडधाकट माणसाच्या पेशी बऱ्याच पुढच्या नळीपर्यंत तग धरतात. आवरण कमकुवत असेल तर अलीकडच्याच नळीत रंग सुटतो. रोग्याच्या ओळीशेजारी दरवेळी एका धडधाकट माणसाच्या रक्ताची ओळ लावावी लागते, म्हणजे तुलना करता येते. त्या दुसऱ्या ओळीला म्हणायचं कंट्रोल.

या कंट्रोलसाठी रक्त कुणी द्यायचं, हा पूर्वी भांडणाचा विषय होता. एकाला सुई बघून घेरी यायची, दुसऱ्याला नेमकी आदल्या दिवशी सर्दी झालेली असायची, तिसरा तेवढ्यात फायली आणायला खाली पळायचा. काका नोकरीला लागले नि भांडण मिटलं. ते बाही वर करूनच कामाला बसायचे. “माझं घ्या,” म्हणायचे, “कोरं करकरीत रक्त आहे.” पुढे पुढे त्याचा त्यांना चांगलाच ताठा चढला. या शहरात कोण आजारी नि कोण बरं हे शेवटी माझ्यावरून ठरतं, असं ते चारचौघांत सांगत. तीच गोष्ट ते अजूनही प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, फक्त सांगण्याआधी आता स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतात.

बरं, यात लपलेलं काही होतं म्हणावं, तर तेही नाही. काकांच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या भागाला पिवळी झाक होती. ती त्यांच्या वडिलांना होती, आत्येलाही होती, आणि घरात तिला कौतुकाने ‘आपल्या घराण्याचा रंग’ म्हणत. वडिलांच्या पित्ताशयातून निघालेले सतरा खडे एका बाटलीत जपून ठेवलेले होते आणि पाहुणा चहा प्यायला टेकला की बाटली पुढे यायची. प्रयोगशाळा रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त रोग्यांसाठी. रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावर काकांना धाप लागायची. कठड्याला धरून ते जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पायऱ्या बोटभर उंच झाल्यात, असं त्यांचं ठाम मत होतं. पिवळे डोळे, पित्ताचे खडे नि धाप, ही तिन्ही लक्षणं घेऊन हा माणूस एकतीस वर्षं रक्ताच्या प्रयोगशाळेत येत-जात होता आणि दुसऱ्यांचे आजार शोधत होता.

मिठाची भानगड अगदी पहिल्या महिन्यातली. काकांनी स्वतःचं रक्त कंट्रोलला लावायला नुकतीच सुरुवात केली होती. पुस्तकात लिहिलं होतं, धडधाकट रक्ताचा रंग अमुक नळीपासून सुटावा. काकांचा दोन नळ्या आधीच सुटायला लागला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघू या जरा, हे रक्त कुणाचं आहे. काकांनी मिठाकडे संशयाने पाहिलं. मीठ दमट झालंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. दमट मिठात पाण्याचं वजन असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम तोलूनही मीठ भरतं कमीच. तर्क बिनतोड होता. खात्री करून घ्यायला त्यांनी तपासणी तीनदा केली, आणि तिन्ही वेळा स्वतःच्याच रक्तावर. मग नऊच्या जागी सव्वादहा ग्रॅम मीठ घातलं, तेव्हा कुठे ते रक्त पुस्तकात लिहिल्यासारखं वागलं. पद्धतींच्या वहीत त्यांनी लाल शाईने नोंद केली: ‘आपल्याकडचे मीठ दमट असते. सव्वादहा ग्रॅम घ्यावे.’ खाली सही. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. काका येण्याआधी हेच मीठ कधी दमट नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मिठाच्या बाटल्या संपल्या, नव्या आल्या, त्याही संपल्या, आणि बिचारं मीठ दरवेळी दमटच ठरत राहिलं.

काकांची लेक तेरा वर्षांची असताना शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. त्या वर्षी तिला दम पुरेनासा झाला. पाण्यातून बाहेर आली की बाकावर आडवी व्हायची. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, मागे लागून लागून सांगितलं, “अहो, तिचं रक्त तरी बघा.” काकांनी लेकीला प्रयोगशाळेत नेलं, आपल्या हाताने रक्त काढलं, तिची ओळ आणि आपली ओळ शेजारी शेजारी लावली. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. नळीला नळी! काकांना अगदी भरून आलं. “बघ,” ते लेकीला म्हणाले, “याला म्हणतात बापाचं रक्त.” सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर तिच्या बऱ्याच पेशी बारक्या नि गच्च गोल दिसल्या, मधला फिकट भाग नसलेल्या. काचच नीट सुकली नाही, असं म्हणून त्यांनी ती धुऊन टाकली. अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

आता रक्त नॉर्मल म्हटल्यावर दमायचं कारण एकच उरलं, ते म्हणजे आळस. लोळत पडते म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं ‘उशी’. बापाने ठेवलेलं नाव, ते लगेच घरभर झालं. “बाकीच्या मुली पोहतात त्या काय लोखंडाच्या आहेत?” असं ते तिला दर रविवारी ऐकवायचे. पुढच्या वर्षी तिने पोहणं सोडलं. तिच्या हातून काही होणार नाही, असं काका काकूंना म्हणाले, आणि ते तिने दारातून ऐकलं.

गेल्या वर्षी उशीला सातवा महिना लागला. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. हिमोग्लोबिन एकसारखं घसरत होतं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांचा काडीचा उपयोग होत नव्हता. तिच्या डॉक्टरांनी जुनी फाईल चाळली, त्यात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बापाच्याच सहीचा ‘नॉर्मल’ अहवाल बघितला आणि तो विषय सोडून दिला.

“गोळ्या चुकवत असशील,” काका म्हणाले.

“एकही चुकवली नाही, बाबा.”

“मग घेतली असं वाटत असेल नि घेतली नसशील.”

त्याच महिन्यात प्रयोगशाळेत नव्या डॉक्टरबाई आल्या, आणि त्यांच्यामागोमाग नवं मशीन आलं. या मशीनला चौदा नळ्यांची गरज नव्हती. रक्तात एक गुलाबी रंग मिसळायचा. तो पेशीच्या आवरणातल्या बँड-थ्री नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. प्रथिन जेवढं जास्त तेवढी चमक जास्त, आणि मशीन ती चमक मोजतं. मशीन लावून घ्यायला सहा धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. पहिला मान अर्थात काकांचा. मग साफसफाईच्या मावशी, रखवालदार, दोन कारकून आणि स्वतः बाई. पाच जणांची चमक जवळपास सारखी आली. एकाची पाव हिश्शाने कमी.

“हे पहिलं कुणाचं?” बाईंनी विचारलं.

“मशीन नवीन आहे,” काका म्हणाले. “सुरुवातीला चुकायचंच.”

“बाकी पाच बरोबर आले.”

“मग माझ्या नळीत रंग कमी पडला असेल.”

बाईंनी पुन्हा रक्त घेतलं, रंग आपल्या हाताने घातला. आकडा तोच. काका विजेच्या दाबाबद्दल काहीतरी बोलायला लागले होते, पण बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या काकांच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

“काका, तुमच्या घरी कुणाला पित्ताचे खडे झाले होते?”

काकांना बाटली आठवली. पण अजून त्यांची आशा सुटली नव्हती. “आपण आपली नळ्यांचीच तपासणी करू,” ते म्हणाले. “ती कधी दगा देत नाही.”

“चालेल. मीठ मी तोलते.” बाईंनी काट्यावर नऊ ग्रॅम घेतलं.

“बाई, सव्वादहा. वहीत लिहिलंय.”

“का?”

“मीठ दमट असतं.”

बाईंनी बाटलीतलं चमचाभर मीठ कागदावर ओतलं. ते वाळूसारखं सुटं सुटं पसरलं. त्यांनी वही उघडली, लाल शाईची नोंद वाचली, सही वाचली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “हे ठरवलंत तेव्हा दुसऱ्या कुणाचं रक्त लावून बघितलं होतं?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही कधी विचारला नव्हता, आणि पेशीच्या आवरणाबद्दल सांगा म्हटलं तर ते तासभर बोलले असते. बाईंनी मावशींचं रक्त आणि काकांचं रक्त शेजारी शेजारी लावलं. अर्ध्या तासाने मावशींची ओळ पुस्तकात लिहिल्यासारखी उभी होती. काकांची दोन नळ्या आधीच लाल.

“म्हणजे मी पास का?” मावशींनी विचारलं. मग त्या झाडू घेऊन कामाला निघून गेल्या.

काकांच्या डोळ्यांपुढे मात्र दुसऱ्याच दोन ओळी उभ्या राहिल्या. तेरा वर्षांपूर्वीच्या, हुबेहूब सारख्या. “बाई,” ते म्हणाले, “माझ्या लेकीला सातवा महिना चालू आहे. तेरा वर्षांपूर्वी तिला मीच नॉर्मल लिहून दिलं होतं.”

बाईंनी काही न लपवता सांगितलं. लेकीला पेशींच्या आवरणाचा हा आनुवंशिक दोष असेल तर बाळाला यायची शक्यता निम्मी. आला, तर कावीळ पहिल्याच दिवशी झपाट्याने चढू शकते. आधीपासून माहीत असेल तर लगेच उपचार होतात. माहीत नसेल, आणि सगळ्या बाळांना होते तशी साधी कावीळ समजून घरी पाठवलं, तर ती मेंदूत जाऊ शकते. “म्हणजे तुमचा तो जुना अहवाल,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं काकांना कळलं.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा काकू शिलाईच्या मशीनवर होत्या. त्या कोट शिवून देतात. एक जुना कोट मांडीवर उलटा पसरलेला होता. काकांनी खुर्ची ओढली नि भाषण सुरू केलं, कारण खरी गोष्ट सांगायची हिंमत होत नसली की ते भाषण करतात.

“तांबडी पेशी म्हणजे एक पिशवी समज. आत नुसता लाल माल. पिशवीचं कापड चरबीचं, दोन पदरी, त्यात प्रथिनं खोचलेली. पण नुसतं कापड टिकणार नाही. दिवसभर अंगभर धावायचं, आपल्याहून अरुंद फटीतून अंग चोरून जायचं, पुन्हा आकारात यायचं. म्हणून कापडाला आतून एक जाळी असते, स्पेक्ट्रिनची. आणि ती जाळी बँड-थ्रीला जागोजागी बांधून ठेवणारं आणखी एक प्रथिन असतं, अँकिरिन—”

“अस्तर,” काकू म्हणाल्या. “आणि टाके.”

एवढं सोपं करून काकांनाही कधी सांगता आलं नव्हतं. “हो. टाके कमी पडले तर वरचं कापड सैल होतं आणि तुकड्या-तुकड्याने गळून जातं. माल तेवढाच, कापड कमी. मग पिशवी गच्च गोल होते. गोल झाली की वाकत नाही. प्लीहेतल्या फटीत अडकते नि तिथेच मोडीत निघते. तोच माल पिवळा होऊन डोळ्यांत उतरतो, त्याचेच खडे होतात.”

काकूंनी पाय मशीनच्या पायडलवरून काढला. “हे कुणाचं चाललंय?”

“माझं. बाबांचं होतं. आणि...”

“आणि उशीचं.” त्यांनी कोट बाजूला ठेवला. “मी म्हटलं होतं तुम्हाला, रक्त बघा.”

“बघितलं होतं ना.”

“कुणाशी लावून?”

एका दिवसात हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. काकूंनी ब्लाउजची बाही कोपरापासून वर सरकवली. “अठ्ठावीस वर्षं घरात एक नॉर्मल माणूस होतं,” त्या म्हणाल्या. “त्याला सुई लावायचं कधी सुचलं नाही तुम्हाला. उद्या माझं रक्त घ्या. आणि पोरीला तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तीन ओळी उभ्या राहिल्या. काकूंची, काकांची आणि उशीची. काकांची नि उशीची ओळ अजूनही नळीला नळी सारखी होती, पण शेजारी आता तिसरी होती. उशी पोटावर हात ठेवून स्टुलावर बसली होती. काकांनी रात्रीच चार वाक्यं पाठ केली होती. पहिलं होतं, ‘त्या काळी उपलब्ध असलेल्या पद्धतीनुसार’. ते अर्धं म्हणून झालं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “मीठ बरोबर होतं, मी चुकीचा होतो. तू आळशी नव्हतीस. तुझं रक्त मोडत होतं, म्हणून दमत होतीस.”

“मी रोज सकाळी उठताना स्वतःला शिव्या द्यायचे, बाबा,” ती म्हणाली. “कॉलेजात, नोकरीत, अगदी कालसुद्धा. वाटायचं, सगळ्यांना जमतं, मग मलाच का उठायला नको असतं. तेरा वर्षं. तू लिहून दिलं होतंस ना, नॉर्मल म्हणून.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते नळ्या पुसायला लागले.

“ते ठेव खाली,” उशी म्हणाली. “मला तसाच कागद पाहिजे. तेव्हा दिलास तसा. सहीशिक्क्यासकट.”

“देतो. पण आधी तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता.”

ते गेले. काकांनी तिथे सगळं सांगितलं, कुठलंही यंत्र, काच किंवा मीठ मध्ये न आणता. लोहाच्या गोळ्या बंद झाल्या, फॉलिक ॲसिडच्या सुरू झाल्या, आणि बाळाच्या डॉक्टरांच्या कागदावर लाल अक्षरात सूचना चढली. पुढचे पंधरा दिवस काका जुन्या नोंदी घेऊन बसले. ज्यांचं फारच बिघडलेलं होतं ते त्यांच्या सव्वादहा ग्रॅममधूनही सापडले होते. मधलेअधले सुटले होते, असे एकवीस जण. प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला. एका बाईंनी त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं आणि त्यांनी ‘हो, बरोबर आहे तुमचं’ यापलीकडे तोंड उघडलं नाही. पद्धतींच्या वहीतल्या नोंदीवर रेघ मारून त्यांनी खाली लिहिलं: ‘मीठ निर्दोष आहे. नऊ ग्रॅम घ्यावे. कंट्रोलसाठी या सहीच्या माणसाचे रक्त घेऊ नये.’

नात त्याच रुग्णालयात सकाळी जन्मली. दुपारी काकांनी काचेतून तिला पाहिलं आणि ‘खोलीतल्या दिव्यामुळे पिवळी दिसते’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं. पण तोवर नर्सने तिला उचललंही होतं. संध्याकाळच्या आत ती निळ्या दिव्यांखाली होती, डोळ्यांवर पट्टी, मुठी आवळलेल्या. काविळीचा आकडा चढला, एक अख्खा दिवस वरच राहिला, आणि काका त्या दिवसभर काचेसमोरच्या बाकावरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो उतरला. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा काका भर व्हरांड्यात हुंदके देऊन रडले, आणि त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

मग ते तळमजल्यावरच्या खोलीत उशीकडे गेले आणि खिशातून कागद काढला. अहवालाचाच छापील कागद, त्यांच्याच अक्षरात भरलेला.

‘पेशी: लहान व गोल. आवरणातील प्रथिन: कमी. दोष: आनुवंशिक, वडिलांकडून. आळस: आढळला नाही.’ खाली सही.

उशीने तो दोनदा वाचला. हसायला लागली, मग डोळे पुसले, मग पुन्हा वाचला. कुशीतली लेक जागी झाली म्हणून तिला थोपटत तिने कागद काकांच्या हातात परत दिला.

“शिक्का राहिला, बाबा.”

“आत्ताच पाहिजे?”

“आत्ताच.”

शिक्का वर प्रयोगशाळेत होता आणि लिफ्ट रोग्यांसाठी होती. काका जिन्याने निघाले. तिसऱ्या मजल्यावर नेहमीसारखी धाप लागली, तसे ते कठड्याला धरून थांबले. खालून चढणाऱ्या दोन नर्सांनी वाट दिली. कागद चुरगळू नये म्हणून त्यांनी तो छातीशी धरला होता. श्वास जागेवर आला तसे ते पुढे चढू लागले. पायऱ्यांना ते काही बोलले नाहीत.